दाढ्याची भूक

दाढ्याला भूक लागली की आधी तो मान तिरकी करतो. मग पुढचे दोन्ही पाय ताठ करून छाती उचलतो, आणि जिभेचं गुलाबी, ओलसर टोक ओठांबाहेर येऊन थांबतं. ते टोक दिसलं की समोरच्याला फार वेळ मिळत नाही. दगडावर नखं खरखरतात आणि जे काही हलत असेल त्यावर तो तुटून पडतो. झुरळ असो, काचेवरून ओघळणारा पाण्याचा थेंब असो, नाहीतर माणसाचं बोट.

दाढ्या म्हणजे बीअर्डेड ड्रॅगन. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागातला सरडा, शेपटीसकट हातभर लांब, गळ्याखाली काटेरी खवल्यांची दाढी. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत वन्यप्राणी विक्रीसाठी देशाबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे जगभर पाळले जातात ते जवळजवळ सगळे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. आमच्याकडे जळगावला तो आला भाच्यामुळे. पुण्याचं शिक्षण संपवून भाचा नोकरीसाठी बंगळुरूला निघाला, तिथे घरमालक तयार होईना, म्हणून काचेची टाकी, दिवे आणि सरडा असा सगळा संसार आमच्या मधल्या खोलीत आला. "मावशी, तो चावरा नाही गं," भाचा म्हणाला, "फक्त खायच्या वेळी त्याला काही सुधरत नाही."

सासूबाई अमळनेरकडच्या, त्यांची अहिराणी अजून तशीच आहे. टाकीवरचं फडकं उचलल्याबरोबर त्या म्हणाल्या, "माय व! हाऊ ते बांधवरला सरडाच शे!" बरोबरच होतं त्यांचं. आपल्याकडे कुंपणावर लाल गळा करून मान हलवणारा सरडा आणि हा परदेशी दाढीवाला, दोघंही अ‍ॅगॅमिडी या एकाच कुळातले. दाढ्या हे नावही त्यांनीच ठेवलं. पुण्यात त्याला वेगळंच काही म्हणायचे, ते आता आमच्यातल्या कुणाच्या तोंडी येत नाही.

त्याला खाताना पाहून घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, भारी रागीट आहे हो. मला हे पटत नाही, आणि यावर मी लोकांशी वादही घालते. कारण सरडा रागावलेला असेल तर एक करायचं असतं आणि भुकेलेला असेल तर दुसरंच. इथे गल्लत झाली की जनावर आणि माणूस दोघांचे हाल होतात. बीअर्डेड ड्रॅगन चिडला किंवा घाबरला की त्याची दाढी फुगते आणि काळी पडते. अंग चपटं करून तो स्वतःला मोठा दाखवतो, तोंड उघडं ठेवून फिस्स करतो आणि बहुतेक वेळा मागे सरकतो. समोरच्याने निघून जावं एवढंच त्याला हवं असतं. भुकेच्या धावेत यातलं काहीच दिसत नाही. दाढीचा रंग जिथल्या तिथे, तोंड शेवटच्या क्षणापर्यंत मिटलेलं, नजर एका जागी रुतलेली, आणि पाऊल पुढे. घाबरलेल्याला अंतर द्यावं लागतं, वेळ द्यावा लागतो. भुकेलेल्यासाठी जेवणाची रीत बदलावी लागते. सासूबाईंनी तर एका वाक्यात निकाल दिला होता: "खाता जनावरना तोंडमा हात कसाले घालाना?" ज्या बाईने जन्मभर म्हशी आणि शेरडं सांभाळली, तिला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

ही भूक येते कुठून, ते कळायला आमच्या ओट्यावरची एक संध्याकाळ पुरेशी आहे. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीचा थवा उठतो. भिंतीवरच्या पाली त्या रात्री वेड्यापिशा होतात. एक गिळून झाली नाही तोवर दुसरीवर झडप. तोंडाच्या कोपऱ्यात पारदर्शक पंख चिकटलेले असतात, पोट फुगून त्वचेतून आतलं काळसर दिसायला लागतं, तरी थांबायचं नाव नाही. एकदा तर एका पालीने दुसरीच्या तोंडातला किडा धरला आणि दोघी तशाच लोंबकळत राहिल्या. हे असं पीक रोज येत नाही हे त्या जिवाला ठाऊक असतं. दाढ्याच्या मुलखातही तसंच. रानातल्या बीअर्डेड ड्रॅगनच्या पोटातलं खाणं अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा किड्यांमध्ये वाळवीचाच भरणा मोठा निघाला, आणि सोबत झाडपाला. वाळवी निघाली की पोट फुटेस्तोवर खायचं, नाही निघाली की पाला चावत दिवस काढायचे. अशा रखरखीत जागी जो हळू धावला तो उपाशी राहिला. ती धाव दाढ्याच्या रक्तात आहे. काचेच्या टाकीत रोज वाढून मिळतं म्हणून ती जाणार नाही.

पण बोटावर तुटून पडणं हे मात्र रक्तात नसतं. ते शिकलेलं असतं. पुण्याच्या खोलीवर मित्रमंडळी यायची, हौसेने बोटांच्या चिमटीत सुपरवर्म, म्हणजे विकत मिळणारी जाड अळी, धरून त्याला भरवायची, तो झडप घालायचा आणि सगळे खूश व्हायचे. झाकण उघडलं, हात आला, खाणं आलं, ही साखळी त्याच्या डोक्यात पक्की बसली. गोठ्यातल्या म्हशीलाही आंबोणाची बादली वाजली की पान्हा फुटतो. दाढ्याची बादली म्हणजे आमचा हात होता.

मुलीला तो चावला तो आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि खानदेशात ती माहेरवाशिणी, झोके, गाणी आणि मेंदीची. मुलीच्या बोटांची टोकं मेंदीने गडद केशरी झालेली. तिने पाण्याची वाटी बदलायला हात आत घातला आणि दाढ्याने थेट टोकच धरलं. या सरड्यांना रंग चांगले दिसतात. लाल, केशरी, पिवळं काही हललं की त्यांचं लक्ष जातंच. मुलगी धीराची, ओरडली पण हात ओढला नाही, आणि तेच सर्वांत बरं झालं. सरडा चावून धरतो तेव्हा हिसका द्यायचा नसतो. या कुळातल्या सरड्यांचे जबड्याच्या कडेचे दात हाडाच्या काठालाच जोडलेले असतात आणि एकदा गेले की पुन्हा येत नाहीत. हिसक्याने आपली कातडी फाटते आणि त्याचा जबडा दुखावतो. हात जमिनीला टेकवून स्थिर ठेवायचा. ही वाळवी नव्हे हे चवीवरून कळलं की तो स्वतःच सोडतो. नंतर वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची. चावला नसला, तरी त्याला किंवा टाकीला हात लावल्यावर दरवेळी हात धुवायचेच, कारण निरोगी दिसणाऱ्या सरड्यांच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलांच्या घरात तर यात अजिबात सूट नको.

त्या आखाजीनंतर आमच्या घरात नियम झाला: हाताने भरवणं बंद, पाहुण्यांनाही नाही. चिमटा घेतला तो बांबूचा. लोखंडी चिमट्यावर तोंड आपटून तेच न उगवणारे दात तुटू शकतात. झुरळं आणि अळ्या शक्यतो गुळगुळीत काठांच्या खोलगट बशीत सोडायच्या, म्हणजे त्याची नजर बशीवर राहते, माणसावर राहत नाही.

मग दुसरं काम, झाकण आणि खाणं यांची फारकत. दिवसातून अनेकदा झाकण उघडायचं आणि काहीच द्यायचं नाही. विष्ठा उचलायची, दगड पुसायचा, पाणी बदलायचं, नुसतं बोलायचं आणि बंद करायचं. सुरुवातीला तो दरवेळी धावत काचेपाशी यायचा. हळूहळू डोळा उघडून बघायचा आणि परत मिटायचा. आत हात घालायचा असेल तेव्हा आधी एक गुळगुळीत काडी त्याच्या हनुवटीखाली, पोटाच्या कडेला अलगद टेकवायची. काडी लागली म्हणजे आता खाणं नाही, उचलणं आहे. हात मग बाजूने, खालच्या पातळीवरून, तळवा पसरून न्यायचा. वरून कधीच नाही. या सरड्यांच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो, त्याखाली तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून पडलेली सावली म्हणजे घार. भुकेल्या सरड्याला वर घाबरवून ठेवलं, तर तो चावणारच.

खाण्याची खूण म्हणून बरणीचं एक निळं झाकण काठीला चिकटवलं. निळं झाकण दिसलं आणि त्याने नाकाने त्याला स्पर्श केला की बशी येणार. सरडा एवढं शिकतो का, असं मला खूप जणांनी विचारलं. शिकतो. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी याच जातीवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. जाळीचं सरकतं दार एक शिकवलेला बीअर्डेड ड्रॅगन डोक्याने कसं उघडतो, ते पाहून दुसऱ्यांनी ते दार तसंच उघडलं. सरपटणाऱ्या प्राण्यांना अक्कल नसते हा आपला जुना समज आहे. दाढ्या आता निळ्या झाकणापाशी येऊन थांबतो, नाक लावतो, आणि बशीकडे मान वळवतो. मला हे बघताना दरवेळी आनंद होतो.

चापट मारणं, नाकावर टिचकी देणं, टाकी हलवणं हे उपाय लोक सुचवतात. कृपा करून करू नका. त्याने भूक कमी होत नाही, तिच्यात भीतीची भर पडते, आणि मग काळी दाढी आणि केशरी बोट असे दोन वेगळे प्रश्न एकत्र होऊन बसतात.

आता थोडं आमच्या उन्हाबद्दल, कारण खानदेशात हा विषय सुटा करता येत नाही. थंड रक्ताच्या प्राण्याचं पचन बाहेरच्या तापमानावर चालतं. पुस्तकी हिशेबात टाकीच्या एका टोकाला अंग शेकायचा दगड ३८ ते ४२ अंशांचा आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २८ अंशांची सावली लागते. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा दिवा न लावताही टाकीचं दुसरं टोक तापलेलं असतं. वाळवंटातला आहे, सोसेल त्याला, असं म्हणून भागत नाही. रानात तो बिळात किंवा झुडपाच्या सावलीत जातो, टाकीत जागाच नसते. तापलेला सरडा चिडका, चपळ आणि सतत काचेवर पंजे मारणारा होतो, आणि आपल्याला वाटतं भूक लागली. आम्ही त्या दिवसांत उष्णतेचा दिवा बंद ठेवतो, कूलरचा झोत खोलीत पण टाकीवर थेट नाही, एका कोपऱ्यात ओला माठाचा तुकडा. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांची, ट्यूब मात्र चालूच, कारण त्या किरणांशिवाय अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते. थंडीत उलटं. धुळ्याकडे पारा कधी कधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो, जळगावही गारठतं, वीज गेली की दगड गार. तेव्हा तो दिवसेंदिवस झोपून राहतो, खायला मागत नाही, आणि मागितलं तरी अंग तापवून घेतल्याशिवाय द्यायचं नाही, पोटात अन्न कुजतं. थंडी सरून तो पुन्हा उठला की पहिले काही दिवस भुकेचा जोर सर्वांत जास्त असतो. त्या दिवसांत चिमटाही लांबच धरायचा.

खाण्यात काय द्यायचं, यावर आमच्या घरात सगळ्यांत जास्त वाद झाले. पिल्लाला किडे जास्त आणि दिवसातून अनेकदा लागतात. वाढ पूर्ण झालेल्याला मात्र रोज पाला आणि आठवड्यातून दोन-तीनदाच किडे. दाढ्याची वाढ झालेली होती, पण सवय पिल्लाची. तो काचेशी उभा राहिला की कुणीतरी अळी टाकायचं. मागितल्यावर मिळतं हे कळलेला प्राणी जास्त जोराने मागतो. आता सकाळी आधी पाला. शेवग्याचा कोवळा पाला, कोथिंबीर थोडी, दुधी, लाल भोपळा किसून, तुतीची पानं मिळाली तर, वर जास्वंदाचं फूल. किडा द्यायचाच असेल तर त्यानंतर, कॅल्शियमच्या पुडीत घोळवून, आणि त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नाही. पालक मात्र टाळायचा, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून बसतं.

केळ्याचं काय, हा प्रश्न आमच्या भागात विचारला जाणारच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रावेर-यावलकडून येणारा प्रत्येक पाहुणा फणी घेऊन येतो आणि दाढ्यालाही एक तुकडा देऊ पाहतो. केळ्यात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस जास्त असतो, आणि गोड मऊ गर त्याच्या दातांना चिकटून हिरड्या बिघडवतो. सणासुदीला नखाएवढा तुकडा, त्यापलीकडे नाही.

आणि शेतातले नाकतोडे. हे मी कळकळीने सांगते. कापसाच्या, केळीच्या, मक्याच्या रानातून पोरं बाटलीभर नाकतोडे पकडून आणतात, फुकटचं खाणं म्हणून. आपल्या कपाशीवर किती फवारण्या होतात हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. फवारलेल्या पानावर बसलेला नाकतोडा जिवंत दिसला तरी त्याच्या पोटात ते औषध असू शकतं, आणि एका सरड्याला तेवढं पुरतं. काजवा तर एकसुद्धा नको, त्याच्यातलं विष बीअर्डेड ड्रॅगनचा जीव घेतं. घरी डब्यात कोंड्यावर मीलवर्म नावाच्या अळ्या वाढवणं सोपं आहे, सासूबाईंच्या चाळलेल्या पिठाचा कोंडा आमच्याकडे त्याच कामाला जातो.

एका टाकीत दोन ठेवावेत का, म्हणजे एकमेकांची सोबत होईल, असंही विचारतात. नको. हा एकटा राहणारा प्राणी आहे. खाण्याच्या झटापटीत दुसऱ्याची बोटं आणि शेपटी तुटते, आणि पालीची शेपटी जशी परत येते तशी याची येत नाही.

एवढी व्यवस्था लावूनही भूक अचानक वाढली, वजन मात्र उतरत चाललं, तर मग स्वभावाकडे बोट दाखवू नये. पोटात जंत किंवा कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी असू शकतात. मादी असेल तर नर नसतानाही तिच्या पोटात अंडी धरतात आणि त्या काळात ती खाण्यावर तुटून पडते. आमच्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दाढ्याचं वजन नेमाने होतं, आणि वहीत लिहिलं जातं. एकदा वजन घसरल्यावर आम्ही ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून तपासायला दिली. इथले बरेच पशुवैद्य गाई-म्हशींचे, सरडा समोर आला की बिचकतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली जंताची अंडी शोधायची रीत तीच. ज्यांनी तपासलं त्यांनी मनापासून तपासलं आणि औषधाची मात्रा पुण्यातल्या एका सहकाऱ्याला फोन करून ठरवली. त्या औषधानंतर त्याची ती हपापलेली धाव निम्म्यावर आली.

दाढ्याला पाहून गल्लीतली पोरं आता बांधावरचा सरडा पकडून आणू का म्हणून विचारतात. त्यांना मी खाली बसवून सांगते. आपल्या रानातले प्राणी घरात कोंडायचे नसतात. घोरपड तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला धरणं हा गंभीर गुन्हा. सातपुड्याच्या खडकांत तर रात्री फिरणारी, जाड शेपटीची, ठिपक्यांची लेपर्ड गेको नावाची पाल राहते, तिची सातपुडा जात २०१४ मध्ये मध्य प्रदेशातून नव्याने नोंदवली गेली. इतक्या उशिरा आपल्याला तिची ओळख झाली. तिला तिच्या दगडाखालीच राहू द्यावं. पोरं ऐकतात. निदान बांधावरच्या सरड्याला दगड मारणं आमच्या गल्लीत थांबलं आहे.

ज्यांना पाळलेला सरडा आवरेनासा झाला आहे, त्यांच्यासाठी एक विनंती. त्याला तापीकाठी किंवा शेतात नेऊन सोडू नका. तो इथला नाही. एक तर कुत्र्याच्या, भारद्वाजाच्या तोंडी जाईल, नाहीतर आपल्याकडच्या जीवांना नसलेला रोग त्यांच्यात सोडेल. सांभाळणारं माणूस शोधा, वेळ लागला तरी चालेल. देताना त्याचं खाणं कसं आहे ते लपवू नका. किती वाजता खातो, कशाने बिथरतो, कोणत्या रंगावर धावतो, सगळं एका कागदावर लिहा. चिमटा आणि निळं झाकणही सोबत द्या. नव्या घरात हात नवे असले, तरी खूण जुनीच मिळाली की त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही.